वाऱ्याचं यंत्र आणि माझी दुपार

२ मार्च
आज आमच्या गच्चीवर वाऱ्याचं यंत्र बसलं. चार वाट्या गोल फिरतात, वेग थेट विमा कंपनीला कळतो. बायकोच्या शिलाई-शेडचा आणि तिथल्या आठ जणींच्या मशिनींचा वादळाचा विमा उतरवलाय. हप्ता अर्धा कुठल्याशा परदेशी फंडाचा, अर्धा या बायकांच्या कमाईतला. वारा ताशी नव्वदच्या वर गेला की पैसे आपोआप खात्यात. अर्ज नाही, पंचनामा नाही, साहेबापुढे उभं राहणं नाही. मागच्या वादळाची मदत दीड वर्षाने आली होती, आणि आली ती एक ताडपत्री.

यंत्राची देखरेख माझ्याकडे. कंपनीची इंजिनिअर मुलगी म्हणाली, गच्ची तुमची आहे म्हणून. पण तिच्या बोलण्यात आदर होता. तो मला बरोबर कळतो.

संकल्प: रोज पहाटे पाचला पाहणी.

३ मार्च, सकाळी साडेनऊ
आत्ता उठलो. यंत्र जागेवर असावं. खालून तरी तसं वाटतं.

९ मार्च
यंत्र करकरतं! कर्र, कर्र, थेट माझ्या पलंगावर. दुपारी अडीच ते साडेचार ही माझी चिंतनाची वेळ. (ही तिला घोरणं म्हणते.) इंजिनिअर मुलीला फोन केला. म्हणाली, तेल घाला. तेल घालायचं म्हणजे आधी दुकानात जाणं आलं.

१० मार्च, दुपारी
तोडगा सापडला. शेडमधली एक नाडी आणली आणि वाट्या बांधून टाकल्या. माझी खास गाठ. नोकरीत असताना माझ्या फायलींच्या गाठी कोणाच्या बापाला सुटत नसत. दोन फायली अजून तशाच आहेत म्हणे.
अर्थात तात्पुरतं. साडेचारला सोडायची.

१० मार्च, संध्याकाळी
काय झोप लागली! गाठ उद्या सोडतो. वारा काय कुठे पळून जातोय?

१९ मार्च
गच्चीवर जायची शिडी मेव्हण्याने नेली. त्याच्याशी माझा अबोला चालू आहे. (माझ्या अक्षराला हसला.) अबोल्यात शिडी कशी मागणार? माणसाला काही तत्त्वं असतात.

२ एप्रिल
कंपनीचा फोन. म्हणे, तुमच्याकडे तीन आठवडे वारा शून्य कसा? म्हटलं, आमचा भाग मुळातच शांत. लेखी द्या म्हणाले. दिलं. खाली झोकात सही, पदासकट: यंत्रप्रमुख.
हिने विचारलं, यंत्र ठीक आहे ना? म्हटलं, अजिबात आवाज नाही. यात खोटं काय आहे?

१४ एप्रिल
रेडिओवर इशारा: परवा वादळ. शेडमध्ये धावपळ. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर तयार आहे, सगळे गठ्ठे टेबलांवर चढवून प्लास्टिकने झाकले. ही मात्र निर्धास्त. म्हणाली, छप्पर गेलं तरी विमा आहे, पुन्हा उभं करू. माझी नजर आपोआप गच्चीकडे गेली. सवय असावी.
संकल्प: अबोला मागे घेणे, शिडी आणणे, गाठ सोडणे. याच क्रमाने.

१५ एप्रिल, दुपारी दोन
शिडी आणली. मेव्हणा म्हणाला, भावोजी, वाचा फुटली वाटतं! गिळलं. शिडी लावली. फार दमलो. जरा पाठ टेकतो, चारला चढतो.

१५ एप्रिल, पलंगाखाली
वादळ एक दिवस आधी आलं. हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. आत्ता शिडी पडली. कोणीतरी रडतंय. बहुतेक मीच.

१६ एप्रिल
शेडचे पत्रे शाळेच्या मैदानात सापडले. गणवेशांचा चिखल झालाय. आठ जणींतल्या सर्वांत थोरल्या मावशी मशीन फडक्याने पुसत होत्या आणि वर मलाच धीर देत होत्या: तुमचं यंत्र आहे ना, येतील हो पैसे. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढलेलं गेलं नाही.
गच्चीवर जाऊन आलो. पाण्याची टाकी गेली. यंत्र आहे. गाठ जशीच्या तशी! एवढ्या वादळात तसूभर हलली नाही, आणि हे कोणाला सांगताही येत नाही.

२० एप्रिल
इंजिनिअर मुलगी आली. कागदोपत्री आमच्याकडे त्या दिवशी वारा शून्य, त्यामुळे पैसेही शून्य. भाग शांत असल्याचं माझं पत्र फाइलला लावलंय. सही छान दिसते.
ती गच्चीवर गेली. तिला गाठ सुटेना. कात्री मागितली. कात्री घेऊन ही वर गेली. नाडी हिने लगेच ओळखली. गाठ कापली, नाडीची घडी करून कमरेला खोचली आणि कात्री माझ्या हातात देऊन शेडकडे गेली.

२५ एप्रिल
शेडला छप्पर नाही, म्हणून आठही मशिनी आमच्या घरात. ऑर्डर पुन्हा शिवायची आहे, तीही बिनमजुरीची. माझा पलंग होता तिथे मावशी बसतात. ही म्हणाली, तुम्हाला आवाजाचा त्रास होतो ना? गच्ची मोकळी आहे.

दुपारी अडीच, गच्ची
डोक्यावर कर्र कर्र, खाली आठ मशिनींची खडखड. चिंतन अशक्य. मघाशी मावशी वर येऊन चड्ड्यांचा ढीग आणि नाड्यांचं बंडल ठेवून गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या ओवायच्या आहेत.
हिचा निरोप आहे, गाठ मारू नका.