कस्तुराच्या जेवणाचा बंदोबस्त

वालूर, १ बहमन १३५३ फसली (इंग्रजी डिसेंबर १९४३)

धाकटी बहीण कस्तुरा आज गंगाखेडहून, सासरहून आली. आली कसली, दिरानं आणून सोडली. सोबत सासऱ्याची चिठ्ठी. मुलगी जेवत नाही, कामाला उपयोग नाही, भरून पाठवा. भरून! पोतं आहे काय? पण मुद्दा बरोबर आहे. वय एकोणीस, आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

विचारलं, का जेवत नाहीस? म्हणाली, भूक लागत न्हाई. हे काय उत्तर झालं? मी सरकारी मदरशाचा सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर. या गावची ठोंब पोरं माझ्या हाताखाली उर्दू वाचायला लागली. एका पोरीला भाकरी खायला लावणं ते काय! पंधरा दिवस पुरे. टाइमटेबल करून चुलीमागं चिकटवलं. बायको म्हणाली, तिला वाचता येत नाही.

३ बहमन

पाटाला पाट लावून बसलो. भाकरी, वरण, लोणी. तिनं भाकरीचे इतके बारीक तुकडे केले की चिमण्यांनी नाकं मुरडावीत. दोन तास. शाळेला उशीर, पोरं लिंबाच्या झाडावर. तिचं ताट वाया जाऊ नये म्हणून मीच संपवलं. डिसिप्लिन म्हणजे डिसिप्लिन.

५ बहमन, सकाळ

बायकोचं म्हणणं, तिला एकटीला जेवू द्या, समोर माणूस बसलं की घास उतरत नाही. बायकांची अक्कल! उलट आग्रहच कमी पडतोय. आपल्याकडे पंगतीत आग्रहाशिवाय जेवतं कोण? शेजारच्या सारजाबाई आणि छबूबाईंना आग्रहाला बोलावलंय.

संध्याकाळ

दोघींना बोलावलं, सात आल्या. भिंतीला रांगेनं बसून कस्तुराचं तोंड बघत राहिल्या. खा की गं माय, माझ्या गळ्याची आण हाय, आमच्या टायमाला आमी असं केलं असतं तर! बोलता बोलता शेंगदाण्याचे लाडू सातजणींनीच संपवले. म्हशी. कस्तुरानं एक लाडू हातात धरला होता. तो मऊ पडल्यावर मी खाल्ला.

८ बहमन

कारण सापडलं. व्रत! पोरीनं चोरून उपास धरलाय. बायको म्हणाली, तिला विचारा तरी. विचारायचं कशाला? व्रत बोलून दाखवलं की फळ जातं, असं या बायकांचं ठरलेलं. तेव्हा व्रत कोणतंही असो, उद्यापन करून टाकायचं. मामला खलास.

११ बहमन

उद्यापन झालं. सोळा सवाष्णी, पुरणपोळ्या. वाढायला कस्तुरा. काय तो आग्रह! सारजाबाईच्या ताटात पोळीवर पोळी, वर तुपाची धार. इतकी हसताना ती आल्यापासून पहिल्यांदाच दिसली. मी ओळखलं, लागू पडलं. शेवटी तिचं ताट वाढून मी स्वतः पुढे ठेवलं. तिनं हात जोडले. म्हणाली, दादा, मी कोणतंच व्रत धरलेलं न्हाई.

आधी सांगायला काय झालं होतं? पोळ्यांनी माझं पोट बिघडलं. उद्या शाळा नाही.

१४ बहमन

मवाळपणा बंद. बायकोला म्हटलं, तिचे हात धर. ती नाही म्हणाली. लग्नाला बारा वर्षं झाली, पहिल्यांदा नाही म्हणाली. मग मी एकट्यानंच, एका हातानं हनुवटी, दुसऱ्या हातानं दुधाचा चमचा. कस्तुरानं झटापट केली नाही. तोंड उघडलं, आणि दूध ओठांच्या कडेनं सगळं खाली आलं. मग बोलली.

"दादा, तुमाला मी जेवावं असं न्हाई वाटत. तुमाला जिंकायचंय."

उद्धट कार्टी.

दुपारी अंगणात केस विंचरत होती. फणीत गुंतवळाचा पुंजका आला. तिनं तो मुठीत लपवला. मी पाहिलं. भीती वाटली. फार वाटली. आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती, वरणभात माझ्याच हातानं खायची. असो. उद्यापासून मोठा चमचा.

१७ बहमन

आडावर चक्कर येऊन पडली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या कडूबाईनं उचलून आणली. साठीची म्हातारी, एकटीनं. कारण उघड आहे, ऊन. बहमन महिन्यात ऊन नसतं असं थोडंच आहे?

नंतर कडूबाई तिच्याजवळ बसली. मी दाराआड होतो. ऐकत नव्हतो, ऐकू येत होतं. कडूबाईनं विचारलं, घास घेतला की कसं होतंय गं? एवढंच. आणि कस्तुरा जी बोलायला लागली ती थांबेना. सासू रोज ताटात डोकवायची, किती भाकरी घेतली ते गल्लीत सांगायची. म्हणून हिनं एक दिवस ताट सारलं. त्या दिवशी घरात पहिल्यांदा कायतरी आपल्या मनानं झालं, असं वाटलं. आता मनात असलं तरी घास जात नाही, कुणी गळा धरल्यासारखं होतं, आणि आपण मरू याचीही भीती वाटते.

कडूबाईनं एकही उपाय सांगितला नाही. नुसती हूं हूं करत बसली. अडाणी बाई, तिच्याकडे उपाय असणार कुठून? शेवटी म्हणाली, परभणीला दवाखान्यात डॉक्टरीणबाई हाय, जायचं का? मग कस्तुरा म्हणाली, जाते, पण दादा नको.

हे मी ऐकलं नाही असं धरून चालतो.

१८ बहमन

बैलगाडीनं सेलू, तिथून रेल्वेनं परभणी. कस्तुरा, बायको आणि कडूबाई. मी परवानगी दिली. मागितली नव्हती, तरी दिली. टाइमटेबल सोबत देत होतो, बायकोनं ते घडी करून माझ्याच खिशात घातलं.

२३ बहमन, येळवस

अमावस्येचा सण, गाव सगळं शेतात जेवायला गेलंय. मला चारजणांनी बोलावलं. गेलो नाही. स्वतः भाकरी केली. जळली.

दुपारी कडूबाई एकटीच परत आली. बायको तिकडेच राहिली आहे. डॉक्टरीण म्हणे पेजेची वाटी ठेवते आणि बाहेर जाते. कुणी समोर बसायचं नाही, कुणी विचारायचं नाही. ही कुठली ट्रीटमेंट! पहिले दोन दिवस वाटी तशीच राहिली. परवा अर्धी संपली. काल आणि आज सकाळी पुन्हा अर्धी. लय दिवस लागतील, असं डॉक्टरीण म्हणते.

डोळ्यांत पाणी आलं. चुलीचा धूर फार झाला होता.

माझी पंधरा दिवसांची मेहनत फळाला आली, हे त्या डॉक्टरणीला कुणीतरी सांगायला हवं. आणि अर्धीच का? ताबडतोब रजेचा अर्ज लिहिला. उद्या परभणीला जातो, समोर बसतो, वाटी पूर्ण करून घेतो. कडूबाईला तसं सांगितलं. ती निघाली होती, उंबऱ्यात थांबली. म्हणाली, कस्तुरानं निरोप दिलाय, सांगू का नको असं झालंय. म्हटलं, सांग.

"दादाला म्हनावं, येऊ नका. मी जेवायलेय."

रजेचा अर्ज फाडला.