अकराचा मेल

सोमवार, २२ सप्टेंबर
पावणेनऊला कारखान्यात पोचलो. सर्व्हर ठीक. दुपारी मालकांनी, दुरैसामी सरांनी, बोलावलं. जर्मनीहून पंपांची मोठी ऑर्डर येतेय. पण आधी आपल्या नेटवर्कची तपासणी. त्यासाठी चेन्नईहून निलोफर मॅडम येणार. "मरुदाचलम, एक भोक निघालं तरी ऑर्डर गेली!" मी मान हलवली.
एक भोक आहे. मीच ठेवलंय.

मंगळवार, २३ सप्टेंबर
पळनिवेल अण्णा आडी महिन्यात, जुलैअखेर, वारले. एकोणीस वर्षं शेजारच्या खुर्चीत होते. गेलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करायचं – हा नियम आम्हा दोघांचाच. मी केलं नाही. त्यांनी कधीतरी गंमत म्हणून आपोआप जायला लावून ठेवलेला मेल अजून रोज अकराला येतो. "ए ठोकळ्या, ऊठ! चहा." खातं बंद केलं की तोही बंद.
मॅडमना द्यायच्या चालू खात्यांच्या यादीतून आज त्यांचं नाव गाळलं.

गुरुवार, २५ सप्टेंबर
तपासणीची तयारी म्हणून सगळ्यांना खोटा मेल पाठवला. "दिवाळीची मिठाई – म्हैसूरपाक की जांगिरी? पासवर्ड टाकून निवडा." वीस मिनिटांत एकतीस जण अडकले! दुरैसामी सर दोनदा – एकदा घरच्यांसाठी. नावांची यादी भिंतीवर लावली.
हिशेबातल्या विशालाक्षी अक्का भांडायला आल्या. "खाण्याच्या बाबतीत चेष्टा? शोभतं का तुला?" जाता जाता दारातून – "म्हैसूरपाक खरंच नाही ना येणार?"
अण्णा असते तर टेबलावर डोकं टेकून हसले असते.

शनिवार, २७ सप्टेंबर
अकराला मेल आला. वाचला. चहाला गेलो नाही. आडीपासून गेलोच नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर
आयुधपूजा. फायरवॉलच्या पेटीला चंदन-कुंकू. पंख्यात विभूती जाऊ नये म्हणून मी पहाऱ्यावर. दाराजवळ सरस्वतीपुढे सगळ्यांनी वह्या-पुस्तकं ठेवली. अक्कांनी काय ठेवलं? सगळ्यांच्या पासवर्डांची वही! तीही उघडी! लोक विसरतात म्हणून ती ठेवतात म्हणे. रजेचे अर्ज भरायला आजारपणात अण्णांनीही त्यांना आपला पासवर्ड दिला होता.
उचलायला गेलो तर हातावर फटका. "उद्या विजयादशमीची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही! विद्या आहे ती."
दुपारी निलोफर मॅडम आल्या – दोन दिवस आधीच! सरांची वाट बघत, प्रसादाचं सुंडल खात, बराच वेळ सरस्वतीपुढे बसल्या होत्या. अक्कांनी वहीला कोणालाही हात लावू दिला नाही म्हणून मी निश्चिंत.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
अकराला मेल. आज एक ओळ जास्त! "ए ठोकळ्या, ऊठ! चहा. आधी हे उघड."
अण्णांनी काही ठेवलं असेल माझ्यासाठी? उघडलं. पासवर्ड मागितला. टाकला.
"तुमची मिठाई, माझा चहा," मागून आवाज आला. निलोफर मॅडम! "वहीला हात नाही हो लावला. नुसतं वाचलं. यादीत नसलेलं एक नाव होतं तिच्यात. बघितलं, तर खातं चालू. अकराच्या मेलला ती ओळ मीच जोडली."
त्यांनी पडद्यावर तो मेल पुन्हा वाचला. मग त्याच्या खालचे जुने – रोजचे, सगळे तेच. हसू गेलं त्यांचं.
"कोण होते?"
"शेजारी बसायचे."
मॅडम दाराकडे वळल्या. "अहवाल सोमवारी दुपारी जाईल. तोवर भोक बुजलेलं असलं, तर बुजलं म्हणून लिहीन. वहीचंही तसंच."

सोमवार, ६ ऑक्टोबर
अक्कांची वही कागद कापायच्या यंत्रात घातली. भिंतीवरच्या यादीत बत्तिसावं नाव लिहिलं – माझं. दहा पन्नासला खातं बंद केलं.
अकरा वाजले. काही आलं नाही.
आपला आपणच उठलो. कोपऱ्यावर जाऊन चहा प्यायलो.