लाल ठिपक्याची जोडी

प्रिय आई,

ताईकडे झोप लागते का, जेवण जातं का, असं मी फोनवर रोज विचारते आणि तू रोज "हो" म्हणतेस. मग तू विचारतेस, गॅस नीट बंद केलास का, आणि मी "हो" म्हणते. तेवढ्यावर दोघींचंही बोलणं संपतं. म्हणून आज लिहिते आहे. कागदावर तुला मध्येच "बरं, ठेवते" म्हणता येणार नाही.

इथं सगळं ठीक आहे. वर्कशॉपची खिडकी मी रोज उघडते, टेबल पुसते. परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांनी माझी भाजी चाखली आणि म्हणाल्या, "अगं, मीठ दोनदा पडलंय. जाणवत नाही का तुला?" मला खरंच जाणवलं नव्हतं. मी निम्मी संपवली होती. सगळंच तसं झालंय. बाबा गेल्यापासून मी एकदाही रडले नाही. तूही नाही. लोक आपल्या दोघींकडे बघून काहीबाही बोलले असतील. मला त्याचं काही वाटत नाही, आणि काही वाटत नाही याचीच सारखी धास्ती वाटते. बाबांनी मला शंकेश्वरी म्हणायला सुरुवात केली ती काही उगाच नव्हे.

जाताना तू सांगून गेलीस, बाबांचा गिटारचा ॲम्प जाडकाकांच्या पुतण्याला देऊन टाक, ॲम्प गेला की मी परत येईन. "तो डबा मला घरात दिसता कामा नये," एवढंच म्हणालीस. बिघडलेला कसलाही ॲम्प आला तरी आधी त्याची धूळ पुसून मग त्याला नावं ठेवणारी तू, नवऱ्याच्या ॲम्पला डबा कशी म्हणालीस, ते मला कळलं नाही. पण मी विचारलं नाही. मला तू घरी यायला हवी होतीस. त्यासाठी ॲम्प जायचा असेल तर जाऊ दे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

देण्याआधी एकदा लावून पाहिला. आवाज पार बसलेला होता. जाड तार छेडली की उशीवर बुक्की मारल्यासारखं व्हायचं, आणि मोठा केला की आवाज वाढायच्या ऐवजी नुसता फुगायचा. मागचे दोन मोठे व्हॉल्व्ह, आवाजाला जोर देणाऱ्या त्या काचेच्या नळ्या, थकलेत हे ऐकताच कळलं. म्हटलं, बाबांच्या आजारपणात तुला ते बदलायला कुठली सवड मिळणार! थकलेला व्हॉल्व्ह घालून आपल्या दारातून काही बाहेर जात नाही, हा तुझा नियम. गिऱ्हाईक "चालेल हो, चालतंय तोवर चालू दे" म्हणालं तरी तू ऐकायची नाहीस. "तुम्हाला चालेल, मला नाही चालत," म्हणून त्याच्यासमोर नवी जोडी बसवायचीस. तेव्हा ॲम्प पुतण्याला जाणार असला तरी नव्या जोडीनिशीच जाणार होता.

रविवारी दुपारी जाडकाका ऐकायला येणार होते, म्हणून सकाळीच बसले. तो निळा ड्रेस घातला. त्याचा डावा खिसा उसवायला लागलाय, सेफ्टी पिन लावून भागवते आहे. आठवतं, तू माझ्या प्रत्येक कपड्याला डावीकडे खिसा शिवायचीस? लग्नाकार्याच्या कपड्यांनासुद्धा. चालू ॲम्पवर काम करताना एक हात कामाला, एक हात खिशात. दोन्ही हात आत गेले तर झटका छातीतून जातो, हे तू मला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलंस. एकदा शिंप्यानं विचारलं, "बाई, एकच खिसा? दुसरा विसरलात की काय?" आणि तू म्हणालीस, "दुसऱ्या हाताला काम असतं." शिंपी बिचारा पुढे कधी काही विचारायला धजला नाही.

व्हॉल्व्ह काढण्याआधी, तू शिकवल्याप्रमाणे, आहे त्या जोडीतून किती करंट जातोय ते मीटर लावून पाहिलं. वाटलं होतं, कुठल्या कुठे गेलेला असेल. काटा अगदी तू लावतेस तिथंच होता. तेव्हाच मला चुकल्यासारखं झालं. थकलेल्या जोडीचा काटा आपोआप जागेवर राहत नाही, कुणीतरी बसून तो लावावा लागतो. मी ॲम्प बंद केला, प्लग उपसला, साठलेली वीज उतरवली, मीटर लावून काटा शून्यावर आलेला बघितला. मग पुन्हा बघितला. मग, तू मागे उभी राहून "बघितलास का?" विचारते आहेस असं समजून आणखी एकदा बघितला. व्हॉल्व्ह निवेपर्यंत थांबले. मग पहिला बुडाशी धरून हळूहळू हलवत बाहेर काढला.

त्याच्या बुडाच्या कडेला, आतल्या बाजूनं, लाल ठिपका होता.

दुसऱ्याच्याही होता. आई, आपल्या घरात नेलपॉलिशची एकच बाटली आहे आणि ती तुझ्या नखांना कधी लागलेली नाही. बाद झालेल्या व्हॉल्व्हला ठिपका, आणि ठिपकेवाला टेबलाखालच्या बिस्किटांच्या डब्यात. त्या डब्यातून परत काही वर येत नाही. लहानपणी मी त्यातला एक खेळायला घेतला होता तर तू हातातून काढून घेतलास, चुकून एखाद्या सेटमध्ये जायचा म्हणून. आणि इथे बाबांच्या ॲम्पमध्ये दोन.

पहिला विचार हाच आला की ही माझीच गफलत. मीच डबे आवरताना सरमिसळ केली आणि बाबा इतके दिवस मेल्या आवाजावर वाजवत राहिले. मग मी उजेडात नीट बघितलं. करंट लावायचा तो छोटा स्क्रू असतो ना, त्याच्या डोक्यावरही लाल थेंब होता, स्क्रू हलू नये म्हणून तू लावतेस तसा. मी तिथं नेहमी मेण लावते. मग मी ती जोडी टेस्टरवर लावली. दोघांची ताकद निम्मीशी उरलेली, आणि दोघांची अगदी सारखी. तो डबा मी पाहिलाय, त्यात एकासारखा दुसरा नाही. तू तो सगळा उपसला असशील, एकेक लावून पाहिला असशील. सारखे थकलेले दोन मिळेपर्यंत.

मी टेस्टर बंद केला. एक हात खिशातच होता.

मग एकेक आठवायला लागलं. बाबांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ऐकेनासं झालं होतं. एक फटका जड पडायचा, दुसरा पडायचाच नाही. ते दार लावून वाजवायला लागले, मग वाजवेनासे झाले. गिटारवर टॉवेल पडलेला असायचा. तू त्यांना एका शब्दानं काही म्हणाली नाहीस. आणि मग एके दिवशी आतून आवाज यायला लागला, मऊ, गोल, एकात एक मिसळलेला. जड फटका दबायचा, हलका वर यायचा. त्या दिवसापासून वाजवून झालं की ते आतून ओरडायचे, "आज हात बरा चालला गं!" आणि तू स्वयंपाकघरातून म्हणायचीस, "चालणारच. काय झालंय हाताला?" रोज हेच. मला वाटायचं, दोघांना दुसरं काही सुचत नाही.

बाबा गेल्यावर लोक भेटायला आले होते, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "काही म्हणा, हात मात्र शेवटपर्यंत शाबूत होता." तू तडक उठून आत गेलीस. सगळ्यांना वाटलं, तुला भरून आलं. मी मागोमाग आले तर तू कोरड्या डोळ्यांनी धुतलेले कप परत धूत होतीस. दुसऱ्या दिवशी तू ताईकडे जायची बॅग भरलीस.

तर मी नवी जोडी बसवली, करंट लावला, स्क्रूवर मेण लावलं. दुपारी जाडकाका आले. आणखीनच वाळलेत. बाबांच्या शेजारी बसून आयुष्यभर नुसत्या जाड तारा वाजवल्या म्हणून जाडकाका झालेला माणूस, खुर्चीत बसला तर खुर्ची रिकामीच वाटते. त्यांनी बाबांची गिटार घेतली, थोडं वाजवलं आणि थांबले. "बाप रे," म्हणाले, "तोंडासमोर आरसाच धरलास की गं." आवाज लख्ख होता. काकांचं प्रत्येक बोट कुठे घसरलं ते मोजून घ्यावं इतका लख्ख. त्यांनी आणखी थोडं वाजवलं, मग तारांवर तळवा ठेवला. "चांगला आहे. पण हा त्याचा नाही." मी जुनी जोडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक उचलून फिरवला, ठिपका बघितला आणि हसायलाच लागले. हसता हसता खोकला लागला, पाणी दिलं. मग जे म्हणाले ते मी शेवटी लिहिणार आहे, कारण ते शब्दाला शब्द लिहायचं आहे आणि मी आधी मनाशी म्हणून बघते आहे.

काका ॲम्प न घेताच गेले. पुतण्याला दुसरा बघायला सांगतो म्हणाले. मी नवी जोडी काढून खोक्यात ठेवली आणि लाल ठिपक्याची परत बसवली. तुझ्या स्क्रूवरचा थेंब माझ्यामुळे फुटला होता, म्हणून करंट पुन्हा लावून वर नवा थेंब दिला. बाटली जवळजवळ वाळलीय. आता ठिपकेवाला ॲम्प आपल्या दारातून बाहेर जात नाही, हा नियम तुझाच आहे, तेव्हा तो काही जाणार नाही. तू म्हणाली होतीस, तो गेल्याशिवाय मी येणार नाही. म्हणूनच हे सगळं सांगायला हवं होतं. मला अजून रडू आलेलं नाही, पण काल भाजीतलं मीठ कळलं.

आई, काकांनी सांगितलं ते असं. तू जोडी बदललीस त्याच आठवड्यात बाबांच्या हातातली वाजवायची पट्टी निसटून ॲम्पच्या उघड्या पाठीतून आत पडली. ती शोधायला त्यांनी आत डोकं घालून टॉर्च मारला, आणि त्यांना दोन्ही लाल ठिपके दिसले. तीस वर्षं तुझ्यासोबत राहिलेल्या माणसाला ठिपक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. संध्याकाळी ते काकांना म्हणाले, "बायकोनं माझ्या पायात मऊ वहाणा घातल्यात. मी झोपलो होतो असं तिला वाटतंय. आता जागा होतो म्हणून कशाला सांगू? उगाच काढून घेईल." कुणाला सांगायचं नाही, अशी काकांना त्यांनी शपथ घातली होती. तू त्यांना फसवलंस असं वाटून घराबाहेर राहिली असशील तर परत ये. "आज हात बरा चालला गं," हे ते रोज तुलाच सांगत होते, आई. तुझ्या हाताबद्दल.

खिसा शिवायचा राहिलाय.

तुझीच,
शंकेश्वरी