टाच टेकव

प्रिय खांब्या,

बाबा युद्धकला शिकवायचे त्या हॉलमधलं ते लोखंडी कपाट आठवतं का तुला? भिंतीला रंग द्यायचा होता म्हणून बाबांनी आपल्या दोघांना ते सरकवायला सांगितलं होतं. तू तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असशील. आपण दात-ओठ खाऊन ढकलत होतो आणि कपाट ढिम्म हलत नव्हतं. आई दारातून म्हणाली, आधी आतल्या काठ्या तरी बाहेर काढा, शहाण्यांनो. तेवढ्यात बाबा आले. हातात चहाचा कप होता, तो त्यांनी खालीही ठेवला नाही. तुझ्या मागे उभं राहून म्हणाले, टाच टेकव, गुडघा सैल सोड, खांदा विसर आणि जोर बेंबीतून येऊ दे. तू ढकललंस आणि कपाट करकरत वीतभर सरकलं. बाबा म्हणाले, पाहिलंस, ही आतली शक्ती. आणि तू धापा टाकत विचारलंस, मग टाच कशाला टेकवायला सांगितलीत? आई पदरात तोंड लपवून हसली. बाबाही हसले तेव्हा. पुढे तोच प्रश्न या घरात कुणाला हसवेनासा झाला.

शाळेत आमच्या सिस्टर पत्र लिहायला शिकवायच्या, तेव्हा सांगायच्या की मागणं असेल तर ते शेवटी मांडावं, आधी समोरच्याची विचारपूस करावी. मला मागायचं आहे, हे तू ओळखलंच असशील, पण शिस्त ती शिस्त. तुझी पाठ कशी आहे? बायकोचा खोकला गेला का? आणि तुझ्या त्या पोस्टमनला नवा पाय मानवला का? मागच्या वेळी फोनवर तू म्हणालास की पाय अगदी मापात बसलाय, पण गडी सगळं वजन चांगल्या पायावरच टाकतो. शेवटी तू त्याला सांगितलंस, पायाकडे बघू नकोस, दारात तुझी नात उभी आहे असं समज आणि तिच्याकडे जा. आणि तो गेला. मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. अरे, लोकांना पाय बनवून देणारा माझा हिशेबी भाऊ थेट बाबांसारखा बोलत होता. तुला तेव्हा सांगितलं नाही. फोन आपटला असतास.

इथलं म्हणशील तर हॉलचा रस्त्याकडचा अर्धा भाग आता एक नृत्यशिक्षिका वापरते. गुणी मुलगी आहे. तिच्या विद्यार्थिनी बाबांना आजोबा म्हणतात आणि बाबा त्यांना सांगत असतात की तुमच्या उड्या छान आहेत, पण उतरताना जमिनीला शिव्या देता. उरलेल्या अर्ध्यात आपल्या चटया आहेत. बाबांचे विद्यार्थी आता कुणी येत नाहीत. घड्याळजी तेवढा रविवारी डोकावतो, पण त्याचे गुडघे गेलेत, तो नुसता बसून जुन्या गप्पा मारतो. बाबा मात्र रोज सकाळी दाढी करून, पांढरा अंगरखा घालून, पट्टा बांधून चटईवर येतात. गेली सहा-सात वर्षं त्यांच्यासमोर मीच उभी राहते. ते डोळे मिटून श्वास घेतात, तळवा माझ्या खांद्याला टेकवतात आणि मी पडते. मग म्हणतात, बघ, अजून आहे. त्यानंतर त्यांना चहा गोड लागतो.

मी आपणहून पडते हे तुला सांगायला नकोच. तुला ते केव्हाच कळलं होतं. त्या वार्षिक प्रात्यक्षिकाचा दिवस मी विसरले नाही, तूही विसरला नसशील. खुर्च्या भरलेल्या, समोर एका ओळीत आपण सगळे, आणि बाबा एकेकाच्या छातीवर नुसता तळवा ठेवत पुढे येत होते. घड्याळजी पडला, बेकरीवाला पडला, मी पडले. तू शेवटी होतास. तू पडला नाहीस. बाबांनी पुन्हा तळवा ठेवला, तरी तू उभाच. मागून कुणीतरी लहान मूल हसलं. बाबा शांतपणे म्हणाले, आज याचं चित्त ठिकाणावर नाही, आणि प्रात्यक्षिक पुढे चालू झालं. त्या दिवसापासून तुझं नाव खांब्या पडलं. रात्रीच्या जेवणाला तू केरसुणी बोटावर उभी करून गुरुत्वमध्य समजावत होतास, माणूस कुठे तोलतो, किती अंशांत कलतो, आणि बाबा ताटातून डोळे वर न करता म्हणाले, उद्या हा आईची माया तराजूत घालेल. आई म्हणाली, तुमच्या शक्तीनं तो गॅसचा सिलिंडर तेवढा आत आणून द्या आणि मग काय ते भांडा. तू उठून सिलिंडर आणलास. महिन्याभरात तू शिकायला परगावी गेलास आणि मग पाहुण्यासारखाच येत राहिलास. अजूनही फोनवर तुम्हा दोघांचं जेवलास का, हो, तुम्ही, हो, इतकंच चालतं. मी मध्ये बसून दोन्हीकडचं न बोललेलं ऐकत असते.

आम्ही का पडायचो, याचा मी पुष्कळ विचार केलाय. भीतीनं नाही. फसवायचं म्हणून तर मुळीच नाही. त्यांचा तळवा छातीजवळ आला की वाटायचं, या माणसाला जे हवंय ते आपल्यापाशी आहे, मग का देऊ नये. घड्याळजी तर म्हणतो, तो दर वेळी खरंच पडायचा. असेलही. शरीराला सवय लागली की मनाला कोण विचारतं.

पण गेल्या महिन्यात वेगळंच घडलं. माझा उजवा खुबा वर्षभर कुरकुरतोय. डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहून ताकीद दिली होती की आता पडणं म्हणजे हाड मोडून घेणं. बाबांना ते सांगायला मला जमलं नाही. सकाळी नेहमीसारखी समोर उभी राहिले, त्यांनी तळवा टेकवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पडले नाही. डोळे मिटून घेतले. वाटलं, शहाऐंशीव्या वर्षी याच्यापुढे काय उरेल त्यांच्यापाशी. बराच वेळ काही होईना म्हणून डोळे उघडले, तर बाबा माझ्या पायांकडे बघत होते. चेहरा असा, की जणू कुणीतरी दार वाजवलंय. मग त्यांनी आपली मागची टाच हळूच टेकवली, तळवा खांद्यावरून थोडा खाली घेतला आणि अगदी हलका दाब दिला. मी नकळत उलट दाब दिला असणार. त्या क्षणी त्यांनी हात काढून घेतला आणि मी पुढे गेले, रे. आपणहून नाही, खरीच गेले. चटईवर आदळण्याआधी त्यांच्या दुसऱ्या हातानं मला काखेत धरलं होतं.

तू असतास तर समजावलं असतंस की माझाच जोर माझ्याविरुद्ध वापरला, आणि ते खरंच असतं. मी त्यांना विचारलं, ही शक्ती होती की टाच? ते म्हणाले, नाव काहीही ठेव, आधी टाच टेकव. मग चटईच्या कडेला बसून म्हणाले, तुम्ही सगळे इतक्या मायेनं पडलात की मी ढकलायचं विसरून गेलो. त्या दिवशी ओळीत खांब्या एकटाच उभा होता, आणि मी त्यालाच सांगितलं की तुझं चित्त ठिकाणावर नाही. एवढं बोलून त्यांनी पट्ट्याची गाठ सोडली. तेव्हापासून रोज सकाळी ते पट्टा बांधून चटईवर येतात, मला समोर उभं राहू देत नाहीत आणि दाराकडे बघत बसतात. तुला बोलाव म्हणून ते कधी सांगणार नाहीत, ते तूही जाणतोस.

तर आता मागणं. येत्या सोमवारी माझ्या खुब्याचं ऑपरेशन आहे. साधंच आहे म्हणतात, पण निघण्याआधी सगळं वाटून ठेवायची माझी खोड तुला ठाऊक आहे. रविवारपर्यंत ये आणि मी घरी येईतो बाबांपाशी राहा. चटया नृत्यशिक्षिकेला द्यायच्या, पण बाबांना हव्यात तोवर नाही. काठ्या घड्याळजीला. त्यातली एक बारीक करून तो चालायला वापरेल. लोखंडी कपाट तिथेच राहू दे, त्याला हलवायची ताकद आता कुणात नाही. आईची केरसुणी मी जपून ठेवली आहे, ती तुझ्या बायकोला, तिला तू तो गुरुत्वमध्य दाखवलाच असशील. माझी पांढरी शाल बाबांना, सकाळी चटईवर गार वाजतं. आणि बाबांचा रोजचा तळवा तुला. त्यांच्यासमोर उभा राहा, त्या दिवशी राहिला होतास तसाच, टाच टेकवून. मायेनं पडू नकोस. पडशील की नाही, मला सांगता येत नाही. पण हनुवटी छातीला लावून ठेव, म्हणजे डोकं आपटणार नाही.

तुझीच,
ताई