काळ्या टिकलीची बाजू

बाबा, तुम्ही गेल्यावर आज पहिल्यांदा तुमची लोखंडी पेटी उघडली. जुन्या रेकॉर्ड विकत घेणारे एक चाचा नांदेडहून आले होते. मीच त्यांना बोलावलं, आणि बोलावलं त्या दिवसापासून आपण बरोबर करतोय की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. पण पेटीत बुरशी शिरली होती, कव्हरं हातात येईनाशी झाली होती. पेटीला हात लावण्याआधी मी हात धुतले. ती सवय तुमचीच. रेकॉर्ड कडेनं धरायची, काळ्या भागाला बोट लागता कामा नये.

रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावरची अक्षरं हे माझं पहिलं पुस्तक. घरात शाळेत जाणारी मी पहिली, त्यामुळे लग्नात भोंगे लावायला निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही एकेक रेकॉर्ड माझ्यापुढे धरायचात. "वाच बाई, ही कोन्ती?" माझं चुकलं तर उद्या मांडवात भलतंच गाणं लागेल, या धास्तीनं मी प्रत्येक नाव दोनदा वाचायची. अजूनही सगळं दोनदाच वाचते.

चाचा कागदाकडे नंतर बघतात. आधी रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरतात, मग मधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला बारीक नंबर वाचतात. त्यावरून ती पहिल्या खेपेला छापलेली की नंतरची, ते कळतं. तुमच्या बहुतेक रेकॉर्ड लग्नाच्या मांडवांत झिजून राखाडी झालेल्या. चाचा त्या बाजूला ठेवत होते. मग ती निळ्या कव्हरची निघाली, नाचाच्या पॉप गाण्यांची, जी वरातीत लोक मागून घ्यायचे. चाचांनी ती उलटली आणि चष्मा पुसला.

"बेटी, ही बाजू तर वाजलेलीच न्हाई. आरसा हाये आरसा."

त्या बाजूच्या कागदावर आईच्या पाकिटातली काळी टिकली चिकटवलेली आहे. आई चहा घेऊन आली होती, ती टिकली बघून दारातच थबकली.

मी शाळकरी होते. एका दुपारी तुम्ही अंगणात भोंग्याची वायर जोडत होतात आणि मी घरात मशीनवर ही बाजू लावली. दोन ओळीही झाल्या नसतील, तुम्ही धावत आत आलात. "काहून लावली ती? टिकली दिसत न्हाई का तुला?" तुम्ही माझ्यावर ओरडलात ते तेवढंच. संध्याकाळी, माझ्याकडे न बघता, तुम्ही सांगितलंत. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला एका तांड्यावर लग्न होतं. पोरं नाचत होती, आवाज वाढवा म्हणत होती, तुम्ही वाढवला. मांडवामागच्या विहिरीवर नवरीची चुलती पाणी ओढायला गेली आणि आत पडली. ती हाका मारत होती. हे गाणं वाजत होतं. कुणीतरी पळत येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही सुई ओढून काढलीत. तोवर उशीर झाला होता.

तेव्हापासून तुम्ही प्रत्येक गाण्यानंतर मशीन थोडा वेळ बंद ठेवायचात. लोक तुमची खेचायचे, "काय वो भोंगेवाले, सुई झोपली का?" तुम्ही हसायचात आणि शेजारी बसलेल्या मला हळूच विचारायचात, "आयक गं, कोनी हाक मारून राहिलं का?" मी श्वास रोखून ऐकायची. भांडी, जनरेटर, रडणारं एखादं लेकरू. "न्हाई बाबा," मी म्हणायची, आणि मगच पुढचं गाणं लागायचं.

"वाजलीय ही बाजू," मी चाचांना म्हणाले. "अर्धी." रेकॉर्ड तिरपी करून मी मधोमध गेलेला चरा दाखवला. त्यांनी त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

"मंग ऐकल्याबिगर भाव कसा बोलू? सुई उडली तर घेणाऱ्याला काय सांगू?"

त्यांचं बरोबर होतं. न ऐकता चांगली म्हणणं खोटं झालं असतं, खराब म्हणणंही खोटंच. मी आईकडे बघितलं. तिला नको वाटलं असतं तर मी रेकॉर्ड पेटीत परत ठेवली असती.  ती कप खाली ठेवत म्हणाली, "आवाज बारीक ठेव." आणि परसात गेली.

चाचांनी आणलेल्या मशीनवर गाणं सुरू झालं. मी चऱ्याची वाट बघत होते. सुई तिथं आली, टक टक झालं, आणि उडाली नाही. गाणं पुढे गेलं, त्या मांडवात कुणी ऐकलं नव्हतं तिथपर्यंत. संपलं तशी मी सुई उचलली. चाचा काही बोलणार होते, मी हात वर केला. मी कान दिला.

"झालं का गं?" आई परसातून म्हणाली. नीट ऐकू आलं.

बाकीच्यांबरोबर मी ही रेकॉर्डही दिली, बाबा. टिकली काढू दिली नाही. कव्हरमध्ये चिठ्ठी घातली: दुसऱ्या बाजूला चरा आहे, सुई घाईनं उचललेली, गाणं पूर्ण वाजतं. का उचलली ते लिहिलं नाही.

हे पत्र तुमच्या रिकाम्या पेटीत ठेवतेय. एक तेवढं सांगायचं राहिलं. चऱ्याच्या पुढचं गाणं फार छान आहे. माझा पाय ताल धरत होता, आणि तेवढा वेळ मी दुसरं काहीच ऐकत नव्हते.