पाचवी डिस्क

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

पोर्टच नाही! घरच्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर हार्ड डिस्कच्या चार जागा, चारही भरलेल्या. पाचवी डिस्क हातात धरून तासभर त्या डब्यात टॉर्च मारत बसले. गुढियारीतल्या युनियन ऑफिसचा कॉम्प्युटर काल बंद पडला; त्यातली ही एवढी डिस्क काढून आणली. उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एकोणीस कामगारांच्या जबान्या हिच्यावर आहेत. दुसरी प्रत नाही. करू, करू म्हणत राहिले!

एकोणिसांतले सात जण गेले. फुफ्फुसात धूळ. नरेश तर दिवाळीत गेला — त्याची जबानी चाळीस मिनिटांची, त्यातली दहा नुसता खोकला. तेरा तारखेला कामगार न्यायालयात सुनावणी. मेलेल्यांची साक्ष एवढीच उरली आहे.

७ फेब्रुवारी

पलीकडच्या गल्लीतल्या रणजितला बोलावलं. पुण्याहून बदलीवर आलाय, संगणकातलं कळतं.

"काकू, या चारांतली एक काढू की. काय आहे यांत?"

"माझी भाषणं. तीस वर्षांची."

"दोन-तीन वर्षं कमी झाली तर क्रांती अडेल का?"

मेला! हसले, पण काढू दिली नाही. मग म्हणाला, कार्ड आणतो — रिकाम्या खाचेत बसतं, दोन पोर्ट वाढतात. पॉवरची वायर मात्र स्वस्तातली नको, ती वितळते. एकाच्या डब्यातून धूर निघालेला त्याने पाहिलाय.

हे ऐकल्यापासून सारखा जळका वास येतोय. घरात तर काहीच जळत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

रणजित सकाळीच कार्ड घेऊन आला. मला उरल्याला गेटसभेला जायचं होतं, रिक्षा दारात. चपला घालता घालता ओरडले, "जुनी डिस्क पुसून लावजो रे!"

"हो काकू, पुसूनच लावतो!"

सभा चांगली झाली. आवाज बसला. गेटच्या आतून दोघं जण मोबाइलवर आमचे चेहरे टिपत होते — घ्या म्हणावं!

परतले तेव्हा रणजित किल्ली शेजारी ठेवून गेला होता. पडद्यावर हिरवी पट्टी, चौसष्ट टक्के. डिस्क आत करकरतेय, झोपेत कुणी दात खावेत तशी. प्रती होताहेत. होऊ देत.

१० फेब्रुवारी

रणजित आला. खुशीत. "काकू, पाचही दिसतात बघा! आणि जुनी अगदी कोरी. नऊ तास लागले, पण आतून शून्यं भरली. कुणाचा बाप आला तरी काही परत काढू शकणार नाही."

"कोरी? कोणी सांगितलं तुले?"

"तुम्हीच! पुसून लाव म्हणालात ना?"

आमच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं. मले पुसून कर, आईले पुसून जा — साठ वर्षं हेच बोलत आले. मला विचारून लाव, एवढंच म्हणायचं होतं. त्याच्या पुण्यात पुसणं म्हणजे फडकं मारणं.

पोरगा पांढराफटक पडला. पाणी दिलं. त्याला काय बोलू? शब्द माझाच.

११ फेब्रुवारी

डिस्क दोन दुकानांत दाखवली. "दीदी, इसमें कुछ नहीं है."

जिवंत असलेल्या बारांना फोन लावले. सात जणांनी उचलला नाही. चौघं म्हणाले, विचार करून सांगतो. एक म्हणाला, "मॅडम, मुझे वापस काम पर ले लिया है. मेरा नाम मत लेना."

त्यांच्या तोंडचा शब्द म्हणावा अशी एक चिठ्ठीही नाही आता माझ्याकडे.

१२ फेब्रुवारी

नरेशची बायको अंजनाबाई आली. "दीदी, एक डाव त्याईचा आवाज ऐकवा ना."

तोंडातून निघून गेलं — तो कोर्टात जमा केलाय.

"हव? मंग उद्या मीबी शपथेवर तेच सांगीन, त्याईचा आवाज कोर्टात जमा हाय म्हणून."

मी तिला कोर्टाची वेळ सांगितली.