दोनशे तासांचा दिवा

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. पुस्तकबांधणीचा सरस तापत ठेवला आहे, तो पातळ होईपर्यंत लिहितो.

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. बाबा देवापुढे दिवा लावतात, विसरतात, पुन्हा लावतात, आणि एकदा सदऱ्याची बाहीही जळाली, हे वाचल्यापासून माझ्या हातून दोन पुस्तकांची पाने उलटी शिवली गेली. तू दिवसभर कामावर, ते घरात एकटे. काडेपेटी लपवलीस तर लहान मुलासारखे रडले, हेही वाचवले नाही.

म्हणून चार दुकाने पालथी घालून सेलवर चालणारा दिवा घेतला. ज्योत अगदी खऱ्यासारखी हलते. एकूण दोनशे तास चालतो म्हणाले. मी सलग तीन दिवसरात्र चालू ठेवून पाहिला. बटण तळाशी आहे. बाबांच्या हातून चुकून बंद पडू नये म्हणून सोबतची कापडी पट्टी त्यावर डकव. सरस लावलेला आहे, नुसते पाणी पुरे.

आपण बाबांना फसवतो आहोत की देवाला, एवढेच उलगडत नाही.

माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा धाकटा

सोमवार, १० फेब्रुवारी. दुपारी दोन.

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

सकाळी साडेसातला दिवा मांडला, हुकमाप्रमाणे पट्टीही डकवली. बाबा बघत राहिले, मग म्हणाले, वात छान वळलीस. ते हात जोडून बसले, मी जेवण झाकून ठेवलं आणि आठला निघाले.

एरवी शेजारच्या काकूंना तीनदा फोन करते. आज एकदाही केला नाही. कितीतरी दिवसांनी घड्याळ न बघता जेवले, ते तुझ्यामुळे. देवाचं म्हणशील तर त्याला जळक्या बाहीचं काय कौतुक? उगाच झोप घालवू नकोस.

अशीच आठवण ठेव.

ताई

मंगळवार, ११ फेब्रुवारी. रुग्णालय.

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हे फोनवर सांगवत नाही. आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर तिकडे निघालाय, त्याच्या हाती देते.

काल संध्याकाळी सातला घरी आले तर बाबा दिव्यासमोर तसेच. मांडी घातलेली, ओठ सुकलेले, जेवणावरचं झाकणही हललेलं नाही. लहानपणी ते काय सांगायचे, ते मला तेव्हा आठवलं. दिवा लावला की तो आपोआप शांत होईपर्यंत उठायचं नाही, त्याला एकटं टाकायचं नाही. तेलाचा दिवा तासाभरात विझायचा. हा विझेना.

साडेअकरा तास, पाण्याचा घोटही नाही. उठवायला गेले तर पाय सरळ होईनात, तिथेच कोसळले. डॉक्टर म्हणतात, या वयात शरीर एवढं सोसत नाही. जवळच्यांना बोलावून घ्या.

चूक तुझी नाही. रोज मी आठला निघते; ते कधी उठतात हे मी कधी पाहिलंच नाही.

शुद्धीवर येतात तेव्हा एकच विचारतात, "दिव्याजवळ कोण बसलंय?" काकू म्हटलं तर मान हलवतात. घरचं माणूस हवं म्हणतात. नीघ.

ताई

बुधवार, १२ फेब्रुवारी. सकाळी साडेदहा. घरी, दिव्यासमोर.

ती. ताईस सा. न.

रात्रभर प्रवास करून आता पोहोचलो. दारातून तसाच दिव्यासमोर बसलो आहे, पायही धुतले नाहीत. बाबांना सांग, मी बसलो आहे, त्यांनी काळजी करू नये.

पट्टी काढायला बांधणीची सुरी पिशवीत आहे, एका मिनिटाचे काम. पण त्यांनी विचारले आणि आपण विझवला असे सांगावे लागले तर? पुन्हा खोटे मला जमणार नाही. हिशेबाने अजून सत्त्याहत्तर तास चालेल. तिकडे येण्यासाठी जीव तुटतो आहे. बाबांना विचार, मी उठू का? ते हो म्हणाले तरच येतो. चिठ्ठी काकूंच्या हाती पाठवतो, उत्तर त्यांच्याचकडे दे.

रागावू नकोस.

तुझा धाकटा

बुधवार, दुपारी बारा.

धाकट्या,

तू बसलायस हे बाबांच्या कानात सांगितलं. ऐकलं की नाही, माहीत नाही. थोड्या वेळाने गेले.

आता कुणाला विचारू? दिवा असू दे तसाच.

ऊठ. इथे मी एकटी आहे.

ताई